चिपचा कारखाना कुणाचा, यापेक्षा बिघाडाची माहिती कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपविषयीच्या बातम्यांत दोन आकडे हमखास ठळक असतात: किती नॅनोमीटर आणि किती अब्ज डॉलरचा कारखाना. त्यांना जोडून अलीकडे तिसरे वाक्य येते, की अमुक कंपनी चिपचे डिझाइनही स्वतः करते आणि उत्पादनही, म्हणून ती स्पर्धेत पुढे राहणार. या 'म्हणून'बद्दल हे पत्र आहे. दोन्ही कामे एका मालकाची झाली की फायदा आपोआप पदरात पडत नाही. जिथे पडतो तिथे तो कशातून येतो हे मात्र नेमके सांगता येते, बऱ्याचदा मोजताही येते.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. अभियंते फेडेरिको फॅजिन यांनी १९६८मध्ये फेअरचाइल्ड या चिप कंपनीत सिलिकॉन-गेट पद्धत उत्पादनाच्या पातळीवर आणली. त्यात ट्रान्झिस्टरचा गेट ॲल्युमिनियमऐवजी पॉलिसिलिकॉनचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भाग त्याच्याशी आपोआप जुळतात. १९७०मध्ये ते इंटेलमध्ये आले आणि १९७१च्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरचे सर्किट त्यांनी बसवले. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते आणि धातूचा थर एकच. एका थरात तारा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे जागा ट्रान्झिस्टर नव्हे, तारा खातात. फॅजिन यांनी पॉलिसिलिकॉन थेट खालच्या डिफ्यूजनला (सिलिकॉनमधल्या वाहक पट्ट्याला) भिडवणारा पुरलेला जोड वापरला. दर जोडणीसाठी धातूपर्यंत वर येण्याची गरज संपली आणि सगळे एका चिपवर मावले. ही युक्ती सर्किटवाल्याची म्हणायची की प्रक्रियावाल्याची? दोन्ही बाबी एका छपराखाली असण्याच्या पुढची ही पायरी होती. त्या एकाच डोक्यात होत्या.

ही जोडी फुटली ती गैरसोय म्हणून नव्हे, सोय म्हणून. १९८०च्या सुमारास कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी चिपच्या भूमितीचे नियम लॅम्डा नावाच्या एका लांबीच्या पटीत मांडले. कारखान्यातल्या भट्टीचे तापमान ठाऊक नसलेला विद्यार्थीही मग चिप आखू लागला. १९८१पासून मोसिस या सेवेने अनेकांचे छोटे आराखडे एकाच वेफरवर (ज्यावर चिप छापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर) एकत्र करून छापून द्यायला सुरुवात केली. १९८७मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी काढली. स्वतःची एकही चिप न विकता फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवणारी कंपनी, म्हणजे फाउंड्री. पुढचा सगळा फॅबलेस (स्वतःचा कारखाना नसलेला) उद्योग या फाळणीवर उभा आहे, आणि ती फाळणी चुकीची होती असे म्हणणे म्हणजे गेल्या चार दशकांकडे डोळेझाक करणे होईल.

पण फाळणी झाली की सीमा येते आणि सीमेवर कागदपत्रे लागतात. डिझाइन करणारा आणि कारखाना यांच्यात फिरणाऱ्या या संचाला पीडीके (प्रोसेस डिझाइन किट) म्हणतात. दोन तारांत किमान अंतर किती, थरांना जोडणाऱ्या व्हायाभोवती धातूची कड किती, असे हजारो नियम त्यात असतात. ट्रान्झिस्टरची गणिती मॉडेले असतात, तीही नेहमीचा, वेगवान आणि मंद अशा टोकांसह. शिवाय तारांचा रोध व धारिता काढण्याची साधने आणि थरांची यादी. नव्या पिढीचा पीडीके ०.१ आवृत्तीपासून सुरू होऊन ०.५, ०.९ असे करत १.० ला स्थिरावतो. १.० ची वाट पाहत बसले तर बाजार हातचा जातो, म्हणून मोठे ग्राहक त्याच्या बऱ्याच आधी काम हाती घेतात. मग मधल्या एखाद्या आवृत्तीत व्हायाचा एक नियम बदलला की जुळवून ठेवलेले शेकडो ब्लॉक पुन्हा उसवावे लागतात.

एकाच कंपनीत हा व्यवहार दोन्ही दिशांनी चालू शकतो. 'हा नियम थोडा सैल केला तर उतारा किती पडेल?' असे आतला सर्किट अभियंता विचारू शकतो आणि त्याला आकड्यात उत्तर मिळू शकते. (उतारा म्हणजे शंभर चिपमागे चांगल्या किती निघाल्या, उद्योगात त्याला यील्ड म्हणतात.) बाहेरच्या लहान ग्राहकाला 'नियम पाळा' एवढेच उत्तर असते. मजा अशी की चिपवरचा सर्वांत दाट भाग, म्हणजे एसरॅम या वेगवान मेमरीचा एक बिट साठवणारा बिटसेल, फाउंड्रीच्या जगातही बहुतेक वेळा कारखान्यातली माणसेच काढून देतात. कारण त्यात सर्वसाधारण नियम मुद्दाम मोडलेले असतात आणि ते कुठवर ताणायचे हे प्रक्रिया जाणणाऱ्यालाच कळते. सर्वांत घट्ट जागी फाळणी अशी आपोआप मिटते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माहिती केव्हा पोचते हेही तितकेच महत्त्वाचे. टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर पिढीत एसरॅमचा एक बिट ०.०२१ चौरस मायक्रॉन जागा घेत होता. ३ नॅनोमीटरच्या एन३ई आवृत्तीतही तो तेवढीच घेतो. म्हणजे तर्काचे (लॉजिकचे, आकडेमोड करणारे) ट्रान्झिस्टर आक्रसले, पण एसरॅमची बनलेली कॅश मेमरी होती तेवढीच राहिली. मोठा प्रोसेसर कल्पनेपासून बाजारापर्यंत यायला चार-पाच वर्षे लागतात. पुढच्या पिढीत कॅश लहान होणार नाही हे ज्याला पहिल्या वर्षी समजते, तो कॅश वेगळ्या, स्वस्त पिढीच्या चिपवर नेण्याचा विचार करतो. ज्याला तिसऱ्या वर्षी समजते तो महाग सिलिकॉनवर जागा उधळतो. कारखाना स्वतःचा असेल तर ही बातमी लवकर मिळण्याची शक्यता असते. शक्यताच, प्रक्रियेचा विभाग आपल्याच डिझाइनवाल्यांना गुलाबी अंदाज देतो अशीही उदाहरणे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

आता मोजता येण्याजोगा फायदा पाहू. कारखान्यातून निघणारे सगळे ट्रान्झिस्टर सारखे नसतात. काही वेफर वेगवान, काही मंद. सर्वांत मंद चिपही ठरलेल्या वेगाने चालावी म्हणून डिझाइन करणारा व्होल्टेज थोडे चढे ठेवतो. ही उद्योगाची सुरक्षा-कड. फाउंड्रीचे मॉडेल सगळ्या ग्राहकांसाठी, सगळ्या कारखान्यांसाठी असते, म्हणून ते सावध असते आणि कड रुंद राहते. प्रत्यक्षातली तफावत किती आहे हे ज्याला दररोज दिसते, तो ती अरुंद करू शकतो. चिपची गतिज वीज (ट्रान्झिस्टर उघडमीट करताना खर्च होणारी) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ०.७५ व्होल्टऐवजी ०.७० व्होल्टवर भागले, तर त्याच वेगाला वीज सुमारे १३ टक्क्यांनी कमी लागते. एकही ट्रान्झिस्टर लहान न करता मिळालेले १३ टक्के. यासाठी करावे काय लागते, तर २५ वेफरच्या एका लॉटमधले काही वेफर मुद्दाम वेगवान आणि काही मुद्दाम मंद बनवायचे, त्यावरच्या चिप प्रत्येक व्होल्टेजला तपासायच्या, आणि या उत्पादनासाठी प्रक्रियेचा मध्य कुठे असावा ते ठरवायचे. मध्य सरकवायचा अधिकार मात्र कारखान्याकडे असतो. तो कारखाना दहा ग्राहकांसाठी एकच प्रक्रिया चालवत असेल, तर एकासाठी मध्य सरकवणे त्याला परवडत नाही.

सगळ्यात मोठा फायदा मात्र बिघाडाच्या शोधात आहे, आणि याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही.

चिप नापास झाली की पुढे काय होते? वेफर अजून कापलेला नसताना प्रत्येक चिपवर सुया टेकवून चाचणी होते आणि कोणती चिप कोणत्या चाचणीत पडली याचा नकाशा तयार होतो. चिपमध्ये आधीच बसवलेल्या स्कॅन साखळ्यांतून (चाचणीसाठीच्या मार्गांतून) नापास नमुने बाहेर काढतात. ते नमुने नेटलिस्ट (सर्किटमधल्या जोडण्यांची यादी) आणि आराखड्याशी ताडून 'दोष बहुधा या तारेवर, या दोन व्हायांपैकी एकात' असा संशय काढतात. दुसरीकडे, वेफर ओळीतून जात असताना तपासणी यंत्रांनी कुठे कण, कुठे ओरखडा दिसला याचे निर्देशांक नोंदवलेले असतात. संशयाचे ठिकाण आणि नोंदीचे ठिकाण एकमेकांवर ठेवून पाहायचे. मग संशयित चिपला आयन-शलाकेने काप देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. तिथे दिसते की, उदाहरणार्थ, रुंद तारेच्या टोकाला असलेल्या एकट्या व्हायाखाली ताणामुळे तांब्यात पोकळी झाली आहे. मग दोन वाटा असतात: कारखान्याने थराची कृती बदलायची, नाहीतर डिझाइनवाल्याने तिथे एकाऐवजी दोन व्हाया द्यायच्या. दुसरी वाट बहुतेक वेळा स्वस्त असते, पण ती सुचण्यासाठी आराखडा आणि तो फोटो एकाच टेबलावर हवेत.

दोन वेगळ्या कंपन्यांत ते टेबलच नसते. चाचणीचे निकाल आणि नेटलिस्ट ग्राहकाकडे. त्याला ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते, कारण त्यात त्याचे सगळे भांडवल आहे. ओळीतल्या दोषांच्या नोंदी कारखान्याकडे. त्याला आपली दोष-घनता उघड करायची नसते, कारण पुढच्या वाटाघाटीत ती त्याच्यावरच उलटते. एका बिघाडाचे दोन अर्धे दोन तिजोऱ्यांत राहतात. करार, गोपनीयतेच्या अटी, संयुक्त बैठका यांनी ते जुळवता येतात, पण वेळ जातो. आणि इथे वेळ महाग आहे. अद्ययावत पिढीचा वेफर कारखान्यात शिरल्यापासून बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. वाटेत हजारावर पायऱ्या असतात. दुरुस्ती बरोबर होती की नाही हे कळायला आणखी एक तिमाही गेली. म्हणून जाणते लोक पहिल्या लॉटमधले काही वेफर धातूचे थर चढवण्याआधीच थांबवून ठेवतात. दोष फक्त जोडण्यांत निघाला तर खालचे ट्रान्झिस्टर तसेच ठेवून वरच्या थरांचे मास्क (नक्षी छापण्याचे साचे) बदलायचे. काही आठवडे वाचतात. किती वेफर थांबवायचे हे ठरवताना कारखाना आणि डिझाइन यांचे हित पुन्हा वेगळे असते. कारखान्याला अडकलेला माल नको असतो, डिझाइनवाल्याला विमा हवा असतो.

हा शोध जलद झाला तर किती फरक पडतो? उताऱ्याचा सर्वांत साधा हिशेब असा, की चिपचे क्षेत्रफळ गुणिले दोष-घनता या संख्येने उतारा घातांकी पडतो. दर चौरस सेंटिमीटरला ०.२ दोष असतील तर १ चौरस सेंटिमीटरच्या चिपचा उतारा सुमारे ८२ टक्के, आणि दोष ०.१ वर आणले तर ९०. फरक आहे, पण जीव जाईल असा नाही. हाच हिशेब ६ चौरस सेंटिमीटरच्या चिपला लावा: ३० टक्के आणि ५५ टक्के. ३०० मिलिमीटरच्या एका वेफरवर अशा जवळपास ९० चिप बसतात. म्हणजे एका स्थितीत २७ चांगल्या, दुसऱ्या स्थितीत ४९. वेफरचा खर्च तोच. मोठी चिप करणाऱ्याला कारखान्याशी जवळीक का लागते आणि छोटी करणाऱ्याचे तिच्याशिवाय का भागते, ते या दोन ओळींत आहे. (प्रत्यक्षात दोष गठ्ठ्याने पडतात, त्यामुळे खरा उतारा या हिशेबापेक्षा बहुधा थोडा बरा असतो. शिवाय मोठ्या चिपमध्ये जादा गाभे (कोअर) ठेवून बिघडलेले बंद करता येतात. ते किती जादा ठेवायचे हे मात्र दोष कसे पडतात हे ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही.)

काही वस्तूंमध्ये तर ही चर्चाच निरर्थक आहे, कारण तिथे प्रक्रिया हाच माल असतो. डीरॅम, म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी, घ्या. दर बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक उंच, बारीक धारित्र (कपॅसिटर). त्यातला भार गळतो म्हणून साधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ ताजी करावी लागते. गळती किती हे प्रक्रिया ठरवते, उरलेला भार ओळखणारा प्रवर्धक किती नाजूक असावा हे सर्किट ठरवते, आणि बिघडलेल्या ओळींच्या जागी घ्यायच्या राखीव ओळी किती ठेवायच्या हे दोघे मिळून ठरवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही प्रमुख कंपन्या स्वतःचे कारखाने चालवतात, यात नवल नाही. मात्र एकावर एक रचलेल्या एचबीएम मेमरीच्या एचबीएम४ या पिढीसाठी तळाची तर्क-चिप टीएसएमसीकडून करून घेण्याचे एसके हायनिक्सने २०२४मध्ये जाहीर केले. जिथे धारित्र नाही तिथे घरच्या कारखान्याचा हट्टही नाही.

ॲनालॉग चिपांत कारण वेगळे, निष्कर्ष तोच. दोन ट्रान्झिस्टर जुळे हवे असतील तर त्यांच्यातली तफावत क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. तफावतीचा गुणांक प्रक्रियेचा असतो. तो निम्म्यावर आणला तर तीच अचूकता एक चतुर्थांश जागेत मिळते. कोणतीही सर्किटची करामत इतका परतावा देत नाही. शिवाय ॲनालॉग वस्तू वीस-वीस वर्षे विकली जाते आणि तिला ३ नॅनोमीटरची गरज नसते. यंत्रांचा घसारा संपलेला जुना कारखाना तिथे ओझे नसून दुभती गाय असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स स्वतःच्या ३०० मिलिमीटरच्या कारखान्यांवर इतका जोर देते तो याच गणितावर. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये सोनीने २०१२मध्ये पिक्सेलचा थर आणि तर्काचा थर वेगळा करून एकावर एक बसवला. पिक्सेल, म्हणजे जिथे गोंगाट आणि गळती यांची लढाई आहे, तो थर हातात ठेवला. तर्काचा थर बाहेरूनही घेता येतो.

या बाबतीत आयबीएमची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. २०१०च्या पॉवर७ प्रोसेसरवर ३२ मेगाबाइट तिसऱ्या पातळीची कॅश होती आणि ती सहा ट्रान्झिस्टरच्या एसरॅमची नव्हती. सिलिकॉनमध्ये खोल चर खणून त्यात धारित्र बसवणारी डीरॅम तिथे प्रोसेसरच्याच चिपवर होती. जागेची मोठी बचत. हे जमले कारण चर खणणारे आणि कॅश आखणारे एकाच कंपनीतले होते. आयबीएमने २०१५मध्ये आपले कारखाने ग्लोबलफाउंड्रीजला दिले, तेही १.५ अब्ज डॉलर स्वतःच्या पदरचे मोजून. पॉवर९मध्ये ती कॅश अजून टिकली होती. २०१८मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचे काम थांबवले, पॉवर१० सॅमसंगकडे गेला आणि कॅश एसरॅमवर आली. सामायिक प्रक्रियेत एका ग्राहकासाठी चर कोण खणणार? पॉवर१० त्यामुळे वाईट ठरला असे नाही. पण जो दागिना फक्त घरीच घडत होता तो गेला.

आता दुसरी बाजू. इंटेलने २००७मध्ये ४५ नॅनोमीटरला हाय-के मेटल गेट (गळती कमी करणारा नवा गेट) आणि २०१२मध्ये बाजारात आलेल्या २२ नॅनोमीटर पिढीत फिनफेट (उभ्या पात्यासारखे, म्हणजे फिनचे, ट्रान्झिस्टर) आणले, दोन्ही वेळा इतरांच्या बऱ्याच आधी. डिझाइन आणि प्रक्रिया हातात हात घालून चालण्याचा तो सुवर्णकाळ. मग १० नॅनोमीटर आले. ईयूव्ही यंत्रांशिवाय (अतिसूक्ष्म नक्षी एका खेपेत छापणाऱ्या), एकाच थरावर चौपट नमुने काढून, कोबाल्टच्या तारा आणि गेटच्या डोक्यावरच संपर्क अशा अनेक नव्या गोष्टी एकदम घेऊन घनता २.७ पट करण्याचे लक्ष्य होते. उतारा येईना. सुमारे २०१६मध्ये अपेक्षित असलेली पिढी मोठ्या प्रमाणात आली २०१९मध्ये. खरा घात उशिराने केला नाही. पुढच्या प्रोसेसरांचे गाभे याच प्रक्रियेसाठी बेतलेले होते, ते दुसरीकडे नेता येईनात. शेवटी २०२१च्या रॉकेट लेक या प्रोसेसरमध्ये तो गाभा जुन्या १४ नॅनोमीटरवर पुन्हा आखला. तो इतका जागा खाऊ लागला की आधीच्या पिढीत वरच्या मॉडेलला १० गाभे होते ते इथे ८ झाले. ज्या गोंदाने दहा वर्षे फायदा दिला त्याच गोंदाने पाय धरले. त्याच काळात एएमडी ७ नॅनोमीटरचे गाभे टीएसएमसीकडून आणि इनपुट-आउटपुटची चिप ग्लोबलफाउंड्रीजकडून घेऊन जोडत होती. एएमडीने स्वतःचे कारखाने २००९मध्येच वेगळे केले होते.

एकत्र असण्याचा आणखी एक छुपा खर्च असतो. कारखाना घरचाच म्हणून डिझाइन विभाग 'आमचा लॉट तातडीने काढा' असे वरचेवर सांगतो. तातडीचा लॉट रांग मोडून पुढे जातो, यंत्रे त्याच्यासाठी मोकळी ठेवावी लागतात, आणि बाकीच्या लॉटांचा वेळ वाढतो. त्याचे बिल कुणाच्याच नावावर पडत नाही. तीच गत 'एकदा छापून बघू, चुकले तर पुन्हा छापू' या सवयीची. फाउंड्रीचा ग्राहक प्रत्येक मास्कचे पैसे मोजतो, म्हणून आधी चार वेळा तपासतो. इंटेलने २०२३मध्ये आपल्याच विभागांना कारखान्याचे ग्राहक मानून हिशेब लावण्याचे जाहीर केले आणि २०२४पासून आकडेही वेगळे दाखवायला सुरुवात केली. २०२३ सालासाठी कारखान्यांच्या बाजूचा तोटा सुमारे ७ अब्ज डॉलर निघाला. एका छपराखाली तो इतकी वर्षे दिसत नव्हता, इतकेच.

आणि कारखाना भरायचा कुणी? १०० चौरस मिलिमीटरची, म्हणजे फोनमधल्या मुख्य चिपएवढी वस्तू धरू. एका वेफरवर अशा सुमारे ६४० बसतात. महिन्याला २०,००० वेफरचा कारखाना आणि ९० टक्के उतारा धरला तर महिन्याला १ कोटी १५ लाख चांगल्या चिप होतात, वर्षाला जवळजवळ १४ कोटी. स्वतःच्याच डिझाइनच्या एवढ्या चिप दरवर्षी, त्याही अद्ययावत पिढीच्या, विकणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. यंत्रे चालोत वा न चालोत, घसारा चालूच राहतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा अल्फा प्रोसेसर १९९२मध्ये २०० मेगाहर्ट्झला पोचला होता, प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी पुढे. तो घरच्या कारखान्यासाठी हाताने घासूनपुसून आखला होता. हडसनचा तो कारखाना १९९८मध्ये इंटेलकडे गेला. चिप उत्तम असून भागत नाही, खपाचा आकडाही लागतो.

मग टीएसएमसी पुढे कशी गेली, जर जवळीक इतकी महत्त्वाची? कारण तिथे जवळीक नाही हा समजच चुकीचा आहे. २०१४च्या ए८ चिपपासून ॲपल तिच्या नव्या पिढ्यांचा मुख्य ग्राहक राहिला आहे. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, प्रचंड संख्येने, लहान आकाराची चिप: नव्या प्रक्रियेचा उतारा वाढवायला याहून चांगले गिऱ्हाईक मागून मिळणार नाही. सेलची उंची किती, फिन किती, कोणता नियम सैल करायचा हे अशा ग्राहकाबरोबर आधीच ठरते. त्याला डिझाइन आणि तंत्रज्ञानाची संयुक्त जुळणी म्हणतात. म्हणजे मालकी वेगळी, टेबल एकच. त्या टेबलावर चार-पाच खुर्च्या असतात. बाकीच्या शेकडो ग्राहकांना तिथे ठरलेली पुस्तिका मिळते.

ज्यांना ती खुर्ची मिळत नाही त्यांनाही काही गोष्टी करता येतात, आणि त्या न करणे हा निव्वळ आळस आहे. पूर्ण चिपच्या आधी सामायिक वेफरवर चाचणी-चिप छापून घ्यावी: रिंग ऑसिलेटर (ट्रान्झिस्टरचा वेग मोजणारे सर्किट), हजारो व्हायांच्या साखळ्या, आपल्या आकाराचा एसरॅम. तेच छोटे मापक अंतिम चिपच्या कोपऱ्यातही ठेवावेत, म्हणजे कारखान्याने प्रक्रिया सरकवली तर ती त्यांच्याकडून कळण्याआधी आपल्याला कळते. चाचणीचा कच्चा विदा, फक्त पास-नापास नव्हे, चिपच्या निर्देशांकांसह जपावा. आणि करार करताना दर वेफरला आहे की चांगल्या चिपला, हे पाहावे. वेफरचा दर असेल तर पडलेल्या उताऱ्याचा तोटा ग्राहकाचा, आणि कारखान्याला घाई नसते. चांगल्या चिपचा दर असेल तर तोटा कारखान्याचा, आणि नोंदींची तिजोरी आश्चर्यकारक वेगाने उघडते. अर्थात असा दर नवख्या, मोठ्या आणि किचकट चिपला सहसा कुणी देत नाही.

म्हणून एखादी कंपनी 'डिझाइन ते उत्पादन सर्व काही आमचे' असे जाहीर करते तेव्हा वार्ताहरांनी नॅनोमीटरच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. वस्तू कोणती: मेमरी, ॲनालॉग, सेन्सर की तर्क-चिप? कारखान्याची किती क्षमता स्वतःच्या मालाने भरते? नापास चिपचा आराखडा आणि वेफरवरच्या दोषांची नोंद एकाच माणसाला उघडता येते का? आणि उद्या हीच प्रक्रिया दोन वर्षे लांबली, तर ते डिझाइन दुसऱ्या कारखान्यात नेता येईल का? रॉकेट लेकच्या वेळी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'दोन गाभे कमी करून' असे होते.

आपला,
चिप-निर्मितीच्या क्षेत्रातील एक वाचक